एका डायलॉगवरून जुना न्वार पिक्चर कसा शोधायचा (आणि मामाचा बोगार्ट)

परवा रात्री साडेदहाला मामाचा फोन. "अरे, तू ते जुने इंग्लिश पिक्चर बघत असतोस ना, मग एक सांग. एक बाई आहे, अर्ध्या तोंडाला बँडेज, ती दुसऱ्या बाईच्या घरी जाते, म्हणते आपण दोघी कातडीखालून बहिणीच, आणि घालते गोळी. कुठला पिक्चर?" मी विचारलं हिरो कोण होता. "बोगार्ट. शंभर टक्के." (हंफ्री बोगार्ट, त्या काळच्या अमेरिकन क्राइमपटांचा गाजलेला हिरो.) कधी पाहिलास? "कॉलेजात असताना, पुण्यात, फिल्म सोसायटीच्या शोला, आणि हॉलमधला पंखा बंद होता." म्हणजे पन्नास वर्षांनी पंखा बंद होता हे आठवतंय आणि पिक्चरचं नाव नाही.

तर असे फोन मला बऱ्यापैकी येतात, कारण एकदा तुम्ही एखाद्याला पिक्चर शोधून दिलात की सगळ्या नातेवाइकांत तुमची तीच ओळख होते. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढावं, नवीन माणसाला स्वतःचं स्वतः शोधता यावं. मामाची केस उदाहरण म्हणून शेवटपर्यंत चालू ठेवतो, कारण त्यात जवळजवळ सगळे घोळ एकाच ठिकाणी सापडले.

न्वार म्हणजे काय हे ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. फिल्म न्वार हा फ्रेंच शब्द, अर्थ काळा पिक्चर, कोणी नॉयर पण म्हणतं. १९४६ मध्ये नीनो फ्रँक नावाच्या फ्रेंच समीक्षकाने हा शब्द अमेरिकन गुन्हेगारी पिक्चरांच्या एका नवीन जातीला वापरला. युद्धाच्या काळात फ्रान्समध्ये हॉलिवूडचे पिक्चर येत नव्हते, ते युद्धानंतर एकदम येऊन पडले आणि लोकांच्या लक्षात आलं की हे भलतेच अंधारे झालेत. गंमत अशी की ज्यांनी हे पिक्चर बनवले त्यातल्या बहुतेकांना आपण न्वार बनवतोय हे माहीतच नव्हतं, ते आपले क्राइमपट नाहीतर मेलोड्रामा बनवत होते. याचा शोधताना उपयोग आहे, कारण त्या काळच्या जाहिरातीत किंवा परीक्षणात न्वार हा शब्द तुम्हाला सापडणार नाही, त्यामुळे जुन्या मासिकांत तो शब्द टाकून शोधत बसू नका.

पहिली पायरी : गूगलला हात लावायच्या आधी लिहून काढा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि कोणीच करत नाही. एकदा का तुम्ही शोधायला लागलात की समोर दिसणारे फोटो आणि डायलॉग तुमच्या आठवणीत मिसळतात, आणि मग अर्ध्या तासाने तुम्हाला खरंच वाटायला लागतं की हो, पावसाचा सीन होता बहुतेक. म्हणून आधी कागद घ्या आणि तीन ढीग करा. एक, शब्द जसेच्या तसे आठवतायत ते. दोन, फक्त मतलब आठवतोय ते. तीन, डोळ्यासमोर दिसतंय ते, म्हणजे कपडे, खोली, गाडी, हातातली वस्तू.

आपल्या लोकांच्या बाबतीत अजून एक भानगड असते ती म्हणजे डायलॉग इंग्लिशमध्ये ऐकलेला असतो पण आठवणीत राहतो मराठीत. बारा-पंधराव्या वर्षी सबटायटलशिवाय पाहिलेला पिक्चर, निम्मं कळलं निम्मं नाही, जे कळलं ते मनात मराठीत जाऊन बसलं. त्यामुळे पहिल्या ढिगात बहुतेक वेळा एकच शब्द निघतो, कधी कधी शून्य. हरकत नाही. एक विचित्र शब्द नक्की आठवत असेल तर तो अख्ख्या वाक्यापेक्षा भारी.

मामाचे ढीग असे झाले. शब्द : 'सिस्टर्स'. मतलब : कातडीखालून आपण सारख्या, शिवाय तीच बाई आधी हिरोला म्हणते की मी गरिबी पण बघितली श्रीमंती पण बघितली, श्रीमंती बरी. चित्र : अर्धं तोंड बँडेजमध्ये, दोघींच्या अंगावर केसाळ कोट, गोळी. आणि बोगार्ट, पण बोगार्ट मी चौथ्या वेगळ्या ढिगात टाकला, त्याचं नाव 'खात्री'. खात्रीच्या ढिगावर कधीच भरवसा ठेवायचा नाही.

दुसरी पायरी : तो त्याच काळातला आहे का ते बघा

साधारणपणे १९४१ चा 'द मॉल्टीज फाल्कन' ते १९५८ चा 'टच ऑफ ईव्हिल' हा क्लासिक न्वारचा काळ धरतात. थोडं मागेपुढे चालतं. पण ब्लॅक अँड व्हाइट आहे, हॅट आहे, सिगरेट आहे म्हणजे त्याच काळातला असं नाही, नंतरच्या लोकांनी त्याच स्टाइलचे ढीगभर पिक्चर काढलेत.

इथे सेन्सॉरची कसोटी लावायची. हॉलिवूडमध्ये १९३४ पासून प्रॉडक्शन कोड नीट अंमलात यायला लागला, लोक त्याला हेज कोड म्हणतात, आणि ६८ साली तो जाऊन रेटिंग आलं. त्या कोडखाली शिव्या नाहीत, उघडं काही नाही, आणि गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, मग ती कोर्टाकडून होवो नाहीतर गोळीने. म्हणून तुमच्या डायलॉगमध्ये सणसणीत शिवी असेल किंवा खुनी शेवटी मजेत समुद्रकिनारी बसलेला असेल तर चाळीसच्या दशकात शोधणं सोडा, सत्तरच्या पुढे या. 'जाऊ दे जेक, हे चायनाटाऊन आहे' हा डायलॉग लोक हमखास बोगार्टच्या तोंडी घालतात, तो १९७४ चा 'चायनाटाऊन' आहे, रंगीत आहे आणि त्यात जॅक निकल्सन आहे.

उलट बाजूने, कोडमुळे लिहिणाऱ्यांना सगळं आडून बोलावं लागायचं आणि म्हणूनच तर हे डायलॉग एवढे लक्षात राहतात. 'द बिग स्लीप'मध्ये बोगार्ट आणि हिरोईन लॉरेन बॅकॉल टेबलावर बसून घोड्यांच्या शर्यतीबद्दल बोलतात, कुठला घोडा मागून येतो, कुठला सुरुवातीला पुढे पळतो, आणि समोरच्याला बरोबर कळतं की घोड्यांचा विषय नाहीये. 'डबल इन्डेम्निटी'मध्ये विमा एजंट आणि घरातली मालकीण वेगमर्यादेबद्दल बोलतात, या राज्यात ताशी पंचेचाळीस मैलाची मर्यादा आहे, मी किती वेगात होतो ऑफिसर, नव्वदच्या आसपास. तर तुम्हाला आठवणारा सीन वरवर फालतू विषयावर असेल, घोडे, ट्रॅफिक, शिट्टी वाजवणं, आणि तरी तुम्हाला तो पाहताना आईबाबा शेजारी असल्याची लाज वाटल्याचं आठवत असेल, तर समजा योग्य गल्लीत आहात.

तिसरी पायरी : मराठी मतलबाचं परत त्या काळच्या इंग्लिशमध्ये भाषांतर

इथे खरं काम आहे. मनात मराठीत बसलेलं वाक्य आजच्या शाळेतल्या इंग्लिशमध्ये टाइप केलं तर काहीच सापडत नाही, कारण ती पात्रं शाळेतलं इंग्लिश बोलतच नाहीत. तुम्ही शोधताय 'वुमन', 'मनी', 'गन', 'डिटेक्टिव्ह', आणि डायलॉगमध्ये आहे वेगळंच. माझी वहीत लिहिलेली यादी आहे, त्यातले नेहमी लागणारे शब्द सांगतो. बाई म्हणजे डेम, डॉल, कधी फ्रेल. पैसे म्हणजे डो, लेटस, आणि हजार डॉलर म्हणजे ग्रँड. पिस्तूल म्हणजे गॅट, रॉड, हीटर. खाजगी गुप्तहेर म्हणजे गमशू, शेमस, पीपर. जेल म्हणजे स्टर किंवा बिग हाउस. बळीचा बकरा म्हणजे फॉल गाय, पॅट्सी, सॅप. पळून जाणं म्हणजे टेक अ पावडर. खून करणं म्हणजे बम्प ऑफ, रब आउट.

म्हणजे तुम्हाला आठवतंय 'मी तुझ्यासाठी मूर्ख बनणार नाही', तर 'फूल' टाकून शोधू नका, 'सॅप' टाका आणि लगेच मॉल्टीज फाल्कनचा शेवट समोर येतो. एका वाक्याचे चार-पाच असे अवतार लिहा आणि एकेक करून बघा. कंटाळवाणं आहे पण दुसरा रस्ता नाही. (सगळं रोमन अक्षरांतच टाइप करायचं हे उघड आहे, तरी सांगतो, माझ्या एका मित्राने देवनागरीत टाकून वर काहीच येत नाही म्हणून तक्रार केलेली.)

मामाच्या 'केसाळ कोट'चं काय करायचं? पन्नासच्या दशकातली पैसेवाली अमेरिकन बाई, अंगावर फर, तर बहुतेक मिंक, म्हणजे त्या नावाच्या लहान प्राण्याची महागडी फर. हा शब्द मी कागदावर लिहून ठेवला आणि खरं सांगायचं तर विसरलो, तिथेच माझा एक तास वाया गेला, ते पुढे येतंच.

चौथी पायरी : बोलतंय कोण आणि कुणाशी

न्वारमध्ये निम्म्या वेळा गोष्ट कोणीतरी मागाहून सांगत असतं, पडद्यावर चित्र आणि वर त्याचा आवाज. तुम्हाला आठवणारी ओळ समोरासमोर बोललेली आहे की असा वरून येणारा आवाज आहे हे आठवून बघा. तसा आवाज असेल तर तुमचं निम्मं काम झालं, कारण तो माणूस कुठे बसून सांगतोय यावरून पिक्चर ओळखता येतो.

जखमी माणूस रात्री ऑफिसात मशीनमध्ये बोलतोय, पैशासाठी आणि बाईसाठी मारलं, पैसे पण मिळाले नाहीत आणि बाई पण नाही : 'डबल इन्डेम्निटी', १९४४. स्विमिंग पूलमध्ये तरंगणारं प्रेतच गोष्ट सांगतंय : 'सनसेट बुलेव्हार्ड', १९५०. माणूस पोलीस स्टेशनात येतो, मला खुनाची तक्रार द्यायचीय, कुणाचा खून, माझा : 'डी.ओ.ए.', तो पण १९५० चा, त्याला विष घातलेलं असतं आणि हातात थोडेच दिवस असतात. पोलीस स्टेशनातच पण डोळ्यावर पट्टी बांधलेला गुप्तहेर सांगतोय : 'मर्डर, माय स्वीट'. पोलीस स्टेशनात, पण सांगणारी बाई : 'मिल्ड्रेड पीअर्स'. रस्त्याकडेच्या खानावळीत बसलेला दाढी वाढलेला, लिफ्ट मागत फिरणारा माणूस, नशिबाला शिव्या घालतोय, की कुठलीतरी शक्ती काही कारण नसताना तुमच्यामाझ्यावर बोट ठेवते : 'डिटूर', १९४५, जेमतेम सत्तर मिनिटांचा आणि माझा लाडका. आयरिश उच्चारात एक खलाशी सांगतोय की मी एकदा मूर्खपणा करायला निघालो की मला थांबवणं अवघड, आणि शेवटी आरशांची खोली : 'द लेडी फ्रॉम शांघाय'. एक नखरेल शिष्ट माणूस म्हणतोय की लॉरा गेली तो वीकेंड मी कधी विसरणार नाही : ते तर नावातच आहे.

आणि सांगणारा पात्रच नसेल, बातमीदारासारखा बाहेरून बोलत असेल, या शहरात ऐंशी लाख गोष्टी आहेत वगैरे, तर 'द नेकेड सिटी', १९४८. तो आवाज त्या पिक्चरचा निर्माता मार्क हेलिंजर याचा स्वतःचा.

मामाला विचारलं, आवाज वरून येत होता का? म्हणाला नाही. म्हणजे ही सगळी गल्ली बंद. ठीक, गल्ली बंद होणं पण कामाचंच असतं.

पाचवी पायरी : गाव, शिक्षा, टेलिफोन

डायलॉगमध्ये सहज येऊन जाणाऱ्या गोष्टी. शिक्षेचा उल्लेख असेल तर राज्य कळतं. कॅलिफोर्नियात सॅन क्वेंटिनला १९३८ पासून गॅस चेंबर होतं, म्हणून लॉस एंजेलिसमधल्या पिक्चरमध्ये लोक गॅसबद्दल बोलतात. न्यूयॉर्कचा असेल तर सिंग सिंग जेल आणि इलेक्ट्रिक चेअर. तेहाचापी असं काहीतरी विचित्र नाव ऐकल्याचं आठवत असेल तर ते त्या काळचं कॅलिफोर्नियातलं बायकांचं जेल. पण जरा जपून, मॉल्टीज फाल्कनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत बसून हिरो फाशीबद्दल बोलतो, कारण मूळ कादंबरी १९३० ची आणि डायलॉग बरेचसे तसेच उचललेत.

टेलिफोन नंबर त्या काळात नुसते आकडे नसायचे, आधी एक्सचेंजचं नाव. मरे हिल, बटरफील्ड ऐकलं तर न्यूयॉर्क, क्रेस्टव्ह्यू ऐकलं तर बेव्हर्ली हिल्सची बाजू. आणि पिक्चर अमेरिकेतला नसेलही, व्हिएन्नामधली भुयारी गटारं आणि कोकिळेच्या घड्याळावरचं भाषण आठवत असेल तर तो 'द थर्ड मॅन', ब्रिटिश, १९४९. त्या भाषणात ऑर्सन वेल्स म्हणतो की स्वित्झर्लंडने पाचशे वर्षांच्या शांततेत काय दिलं तर कोकिळेचं घड्याळ, आणि मग स्विस लोकांना त्याला सांगावं लागलं की बाबा रे ते घड्याळ आमचं नाही, जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टचं आहे.

सहावी पायरी : तुम्ही तो कुठे पाहिलात

हे लोकांना बिनमहत्त्वाचं वाटतं पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उपयोग याचाच. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी केबल होती त्यांना आठवत असेल, दिवसा कार्टून नेटवर्क असायचं आणि रात्री त्याच चॅनलवर टीएनटी सुरू व्हायचं, टॉम अँड जेरी संपता संपता अचानक काळापांढरा सिंह डरकाळी फोडायचा. अर्ध्या महाराष्ट्राने जुनं हॉलिवूड असंच, चॅनल बदलायचा कंटाळा केल्यामुळे पाहिलंय. आता हे टीएनटी टेड टर्नर या अमेरिकन टीव्हीवाल्या शेठचं, आणि त्याच्या ताब्यात एमजीएमचा (तो डरकाळीवाला सिंह यांचाच) जुना साठा आणि वॉर्नर ब्रदर्सचे १९५० च्या आधीचे पिक्चर होते. म्हणून तुम्ही तिथे पाहिला असेल तर आधी या दोन कंपन्यांचे तपासा : वॉर्नरचे 'द बिग स्लीप', 'मिल्ड्रेड पीअर्स', 'की लार्गो', 'डार्क पॅसेज', 'व्हाइट हीट', एमजीएमचे 'द पोस्टमन ऑल्वेज रिंग्ज ट्वाइस', 'लेडी इन द लेक', 'दि अस्फाल्ट जंगल'. 'डबल इन्डेम्निटी' पॅरामाउंटचा, 'लॉरा' फॉक्सचा, 'गिल्डा' कोलंबियाचा, ते तिथे दिसलेले असण्याची शक्यता कमी.

इंटरनेटवर फुकट, खराब प्रिंटमध्ये, आवाज खरखरत पाहिला असेल तर पब्लिक डोमेनमधले आधी बघा. 'डिटूर' आणि 'डी.ओ.ए.' दोन्ही कॉपीराइट रिन्यू न केल्यामुळे मोकळे झाले म्हणून जिथे तिथे सापडतात.

फिल्म सोसायटीत पाहिला असेल, मामासारखा, तर तिथे बहुतेक दिग्दर्शकाच्या नावावर पिक्चर निवडतात. लँग, वाइल्डर, वेल्स, हॉक्स, यांच्यापासून सुरुवात करा. हे मला आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं.

सातवी पायरी : आता शोधा

गूगलमध्ये ओळ अवतरणचिन्हात टाकली की ती तशीच्या तशी शोधली जाते, पण तुमची ओळ चुकलेली असणारच आहे, म्हणून अख्खी ओळ नका टाकू, दोन-तीन शब्दांचा तुकडा टाका आणि त्यात विचित्र शब्द असू द्या. 'लव्ह', 'किल', 'नाइट' असले शब्द म्हणजे समुद्रात सुई. 'हनीसकल' सारखा शब्द आठवत असेल, तो मोगऱ्यासारखा वासाचा वेल, तर काम तमाम, खुनाला कधी कधी हनीसकलचा वास येतो हे कुणाला माहीत होतं, परत डबल इन्डेम्निटीच.

प्रसिद्ध ओळींसाठी अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटची २००५ ची शंभर डायलॉगची यादी आहे, ती दोन मिनिटांत चाळून होते. ती नाही लागली तर आयएमडीबी या पिक्चरांच्या माहितीच्या साइटवर प्रत्येक पिक्चरचं डायलॉगचं पान असतं, ते लोकांनी भरलेलं असल्यामुळे चुका असतात पण सुरुवातीला ठीक. त्याच इन्स्टिट्यूटचा अमेरिकन पिक्चरांचा कॅटलॉग नेटवर फुकट आहे आणि त्यात गोष्ट शेवटासकट लिहिलेली असते, त्यामुळे डायलॉगऐवजी घटना शोधायला तो भारी. तुमच्या तिसऱ्या ढिगातल्या वस्तू तिथे टाका.

एआयला विचारायला हरकत नाही, पण तो पिक्चरचं नाव सांगताना सोबत डायलॉग पण रचून देतो, अगदी त्या काळच्या बोलीत, आणि आपण खूश होतो. नाव घ्या, डायलॉगवर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा. पटकथेचं पण तसंच आहे, नेटवर मिळणारी पटकथा कधी कधी शूटिंगच्या आधीची असते. डबल इन्डेम्निटीचा गॅस चेंबरमधला शेवट शूट करून कापून टाकला होता, म्हणजे कागदावर असलेली गोष्ट तुम्ही पडद्यावर पाहिलेली असेलच असं नाही.

तर मामाचं. मी 'सिस्टर्स' आणि 'स्किन' टाकलं. आला किपलिंग! तोच, जंगल बुकवाला, १८६५ साली मुंबईत जेजे स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेला. त्याच्या एका कवितेत आहे की कर्नलची बायको आणि ज्युडी ओ'ग्रेडी या कातडीखाली बहिणीच. पिक्चरचा पत्ता नाही. मग दुसरी ओळ घेतली, गरिबी-श्रीमंतीची, तर सोफी टकर, मे वेस्ट अशी भलती नावं, ज्याने त्याने जिला तिला चिकटवलेली. ती ओळ अमेरिकेत पिक्चरच्या आधीपासून लोकांच्या तोंडी होती हे कळलं पण पिक्चर नाही तो नाहीच. इथे मी हात टेकले आणि चहा केला.

चहा पिताना कागदावरचा मिंक दिसला. किपलिंगची ओळ त्या काळी सगळ्यांना पाठ असणार, मग एखाद्या हुशार लेखकाने ती मुरडली असेल तर? दोघींच्या अंगावर कोट आहेतच. 'सिस्टर्स अंडर द मिंक' टाकलं आणि पहिलाच रिझल्ट : 'द बिग हीट', १९५३, दिग्दर्शक फ्रिट्झ लँग, ग्लोरिया ग्रॅहम. म्हणजे मामाच्या डोक्यात विनोद पुसला गेला होता आणि विनोदाच्या खालची मूळ म्हण शिल्लक राहिली होती. हे खूप वेळा होतं. आठवलेली ओळ जर फारच साधी, म्हणीसारखी वाटत असेल तर पिक्चरमध्ये बहुतेक तिचा एक शब्द बदललेला असतो, आणि तो शब्द तुमच्या चित्रांच्या ढिगात पडलेला असतो.

आठवी पायरी : खड्डे

चुकीच्या ओळी. 'व्हाइट हीट'च्या शेवटी कॅग्नी म्हणतो 'मेड इट, मा! टॉप ऑफ द वर्ल्ड!', सगळ्या जगाला आठवतं 'टॉप ऑफ द वर्ल्ड, मा'. सनसेट बुलेव्हार्डमधली 'ठीक आहे, मिस्टर डेमिल, मी माझ्या क्लोज-अपला तयार आहे' ही ओळ लोक हमखास उलटी सांगतात, डेमिल या दिग्दर्शकाचं नाव शेवटी नाही, सुरुवातीला आहे. म्हणून शब्दांचा क्रम कधी पकडून बसू नका.

खोटे पिक्चर. 'होम अलोन'मध्ये तो पोरगा टीव्हीवर एक काळापांढरा गँगस्टर पिक्चर लावतो, चिल्लर ठेव तुझ्याकडे घाणेरड्या जनावरा, आणि मशीनगन. तो पिक्चर अस्तित्वातच नाही, तेवढा तुकडा होम अलोनसाठीच शूट केलेला आहे. मी स्वतः कॉलेजात असताना तो शोधण्यात दोन रविवार घालवलेत, हसू नका. तसाच स्टीव्ह मार्टिनचा १९८२ चा 'डेड मेन डोन्ट वेअर प्लेड', त्यात खऱ्या जुन्या पिक्चरांचे तुकडे जोडून नवीन विनोदी गोष्ट केलीय, त्यामुळे एकाच पिक्चरमध्ये बोगार्ट पण आणि बार्बरा स्टॅनविक पण, आणि लँकेस्टर पण, असं आठवत असेल तर तुम्ही वेडे नाही आहात, तो पाहिला असेल.

एकाच पिक्चरची दोन नावं. 'आउट ऑफ द पास्ट' ब्रिटनमध्ये 'बिल्ड माय गॅलोज हाय' म्हणून लागला. 'मर्डर, माय स्वीट'चं तिकडचं नाव 'फेअरवेल, माय लव्हली', आणि त्याच नावाचा १९७५ चा वेगळा पिक्चर पण आहे, तीच गोष्ट, रॉबर्ट मिचम. आणि एकाच नावाची दोन रूपं, 'द बिग स्लीप' १९४५ मध्ये सैनिकांना दाखवला तो वेगळा, १९४६ ला थिएटरात आला तो वेगळा, आणि घोड्यांच्या शर्यतीचं ते टेबल मागाहून शूट करून घातलेलं आहे. तुमचा मित्र म्हणाला असा सीनच नाही तर भांडू नका, दोघंही बरोबर असू शकता.

आपल्या हिंदीची भेसळ. देव आनंद, जुगाराचा अड्डा, क्लबातली नाचणारी, तिरकी हॅट, हे सगळं 'बाझी' (१९५१), 'सीआयडी' (१९५६) मधून येऊन इंग्लिश पिक्चरच्या आठवणीत बसतं. डायलॉग मनात मराठीत असल्यावर मूळ भाषा इंग्लिश होती की हिंदी हे पण नीट विचारून घ्या. एका काकूंचा 'इंग्लिश' पिक्चर अशाने दोन मिनिटांत गुरुदत्तचा निघाला.

नववी पायरी : सीन बघून खात्री करा

नाव सापडलं म्हणजे झालं असं नाही. कमीत कमी दोन वेगळ्या ढिगांतल्या गोष्टी जुळल्या पाहिजेत. 'द बिग हीट'मध्ये ली मार्विन ग्लोरिया ग्रॅहमच्या तोंडावर उकळती कॉफी फेकतो, म्हणून अर्धं तोंड बँडेजमध्ये. ती त्याआधी पोलीसवाल्याच्या हॉटेलच्या ओसाड खोलीत जाते, सजावटीला बघून 'अर्ली नथिंग' असा शेरा मारते आणि तिथेच ती गरिबी-श्रीमंतीची ओळ म्हणते. आणि पुढे ती मेलेल्या पोलिसाच्या बायकोकडे मिंकचा कोट घालून जाते, समोरची पण मिंकमध्ये, बहिणीची ओळ, आणि गोळी. सगळं जुळलं. फक्त एक सोडून, हिरो ग्लेन फोर्ड आहे, बोगार्ट पिक्चरमध्ये कुठेच नाही.

मामाला क्लिप पाठवली. दहा मिनिटांनी मेसेज आला : "हाच. पण यात बोगार्टचा सीन कापलाय वाटतं."